रकाना सातवा: संख्या

खांडेपारची नदी ओलांडली की डाव्या हाताला पंचायत.
खाली रेशनचं दुकान, वर तीन खोल्या, एक पंखा
आणि तो कॉम्प्युटर, ज्याच्यावरून ऑडिटरने
लाल शाईत ओळ मारली होती:
'निविदेत आठ. पुरवठा चार. खुलासा करावा.'

खुलाशाला मला बोलावलं,
कारण फोंड्याच्या बसस्टँडमागे माझं दुकान
आणि यंत्र मीच दिलेलं.

सगुण पर्येकार, क्लार्क, निवृत्तीला सात महिने,
पडद्यावर बोट टेकवत चौकोन मोजू लागले.
प्रत्येकात एक निळी रेघ, धाप लागल्यासारखी.
"आट दिसतात मरे! मागीर हे चार खंयचे?"

मी झाकण काढलं. धूळ, वाळलेली पाल.
पंखा सोडवला, पेस्ट पुसली,
खाली आगपेटीएवढा चौकोन, एकच.
"हा प्रोसेसर," म्हटलं, "एक."
आठाचे चार झाले तेवढ्याने भागलं नाही का,
अशा नजरेने ते माझ्याकडे बघत राहिले.

मग मी सांगितलं: याच्या पोटात कोर चार.
कोर म्हणजे खरा राबणारा,
स्वतःची हत्यारं स्वतःकडे असलेला.
आणि थ्रेड म्हणजे धागा.
"शिंपी कोण?" त्यांनी विचारलं,
आणि मी अडलो.

त्यांनीच सोडवलं.
जनगणनेला अख्खा वाडा पायी फिरलेला माणूस.
"घर एक, चुली दोन, तर कुटुंबं दोन. तसं?"
उलटं, मी म्हटलं. चूल एकच. जावा दोन.
थोरली नारळ खवायला बसली की विस्तव रिकामा,
तेवढ्यात धाकटी आपलं हुमण चढवते.
दारातून मोजणाऱ्याला दोन स्वयंपाक दिसतात,
आणि दोन होतातही.
पण दोघींना एकदमच जाळ हवा झाला
तर आग काही दुप्पट होत नाही.
फार तर सव्वापट.
कधी नुसतंच भांड्याला भांडं.

यंत्र बंद करून चालू केलं,
काळ्या पडद्यावर एक ओळ बदलली.
चौकोन चार.
"काढलं काय त्यातलं?"
काही नाही. धाकट्यांना हाक मारणं थांबवलं.

बराच वेळ ते बोलले नाहीत.
खाली कुणीतरी रॉकेलचा रिकामा डबा ओढत नेला.
मग म्हणाले, फुर्तादांच्या घरी नावं सात,
पाच जणं स्विंडनला. यादीत मी सातच ठेवली.
दार उघडलं एस्पेरांसाबायने, तिच्यामागे मांजर.
कागद बरोबर होता, बरं का.

मी त्यांना हेही सांगून टाकलं
की नव्या यंत्रांत निम्मे करूनही भागत नाही:
सहा कोर दोन-दोन जावांचे, आठ एकेका बाईचे,
कोर चौदा, थ्रेड वीस.
ते हसले. "तेव्हा मी घरी असेन."

सातवा रकाना नखाएवढा. मागतो एकच आकडा.
त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं:
प्रोसेसर एक, कोर चार, थ्रेड आठ, तिन्ही खरे.
'खरे' सरकलं आठव्या रकान्यात,
किमतीच्या.

मग त्यांनी माझं जुनं कोटेशन फाइलमधून काढून
माझ्यापुढे ठेवलं, काही न बोलता.
तिथे नुसतं ८. पुढचा शब्द नाही.
तो गाळला तेव्हा दुकानात गर्दी नव्हती,
घाईही नव्हती.

मी सही केली. तारीख घातली.
किती रुपये परत करायचे ते विचारलं.
"पयलीं," ते चष्मा पुसत म्हणाले,
"त्या धाकट्यांना उठव. दाखले खोळंबलेत."